आधी लायसन्स, मग विमा, मग गाडी

रविवारी सकाळी सहाच्या ड्युटीला पोचवेल अशी एकही बस आमच्या गावातून सुटत नव्हती. जर्मनीत मी गाडी घेतली ती एवढ्याच कारणासाठी. २०२३ साली मी नर्स म्हणून तिकडे गेले. हॉस्पिटल श्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, आणि भाड्याची खोली मिळाली ती शेजारच्या खेड्यात. मोठ्या शहरात राहणाऱ्याचं गाडीवाचून काही अडत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ४९ युरोंचा महिन्याचा पास सुरू झाला होता, त्यावर देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम सगळं चालायचं. पण पास खिशात असून बसच नसेल तर काय करणार? हिवाळ्यात पहाटेच्या अंधारात सायकल काढून बघितली. थंडीचं एक वेळ सोसता येतं, पण रस्त्यावर बर्फाचा पातळ थर धरला की जीव मुठीत घेऊन जावं लागायचं.

या आखाजीला अमळनेरला घरी आले तर जर्मन भाषा शिकणाऱ्या मुली भेटायला आल्या. कोणी धरणगावची, कोणी पारोळ्याची, एक तर थेट शिरपूरहून. भाषेची परीक्षा, व्हिसा, पगार हे सगळं बोलून झालं की प्रत्येकीचा प्रश्न तोच: "ताई, तिकडे गाडी कोणती घ्यायची?" मला वाटतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. आपल्याकडे आधी गाडी ठरते, विमा आणि पासिंग शोरूमवाला किंवा एजंट बघतो, आणि लायसन्स तर कधीचंच पाकिटात असतं. तिथे सगळा क्रम उलटा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भारतीय लायसन्सवर जर्मनीत गाडी चालवता येते, पण तिथे राहायला गेल्यापासून फक्त सहा महिने. लायसन्ससोबत जर्मन भाषांतर किंवा इथून काढून नेलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. सहा महिने संपले की ते लायसन्स तिथे काही कामाचं नाही. त्यानंतर गाडी चालवली तर तो नुसत्या दंडावर भागणारा मामला नाही, विनापरवाना वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा होतो. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याचं नुकसान भरून देते आणि मग आपल्याकडून ५,००० युरोंपर्यंत वसूल करू शकते. "वीस वर्षं चालवतोय, मला कोण अडवणार" असं म्हणणारे आपले लोक तिथे भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका. व्हिसाच्या नूतनीकरणात गुन्ह्याची नोंद आडवी आली तर सगळीच मेहनत पाण्यात जाईल.

काही देशांचं लायसन्स जर्मनीत परीक्षेशिवाय बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एकच, पण मोठी: नव्याने शिकणाऱ्यांना फारशूलमध्ये, म्हणजे तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, ठरावीक तास भरावेच लागतात आणि त्यात हजारो युरो जातात; आपल्याकडे आधीचं लायसन्स असेल तर तासांची सक्ती नाही. तयारी असेल तितकेच तास घ्यायचे.

अर्ज परवाना कार्यालयात. पासपोर्ट, पत्त्याची नोंदणी, बायोमेट्रिक फोटो, लायसन्सचं भाषांतर, चष्म्याच्या दुकानात करून मिळणारी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. हा प्रथमोपचाराचा वर्ग ४५ मिनिटांचा एक असे नऊ तास, एका दिवसात उरकतात. माझ्या नर्सिंगला जर्मन मान्यता मिळालेली होती, तिचा कागद लावला आणि मला तो वर्ग माफ झाला. नर्स आणि डॉक्टर मुलामुलींनी हे आवर्जून विचारावं, काउंटरवर कोणी आपण होऊन सांगत नाही. अर्ज मंजूर होऊन यायला मात्र वेळ लागतो, कुठे काही आठवडे, कुठे काही महिने. माझे सहा महिने त्यातच सरले. म्हणून घराचा पत्ता नोंदवला की त्याच आठवड्यात अर्ज टाकायचा, गाडी कधी घ्यायची ते नंतर बघता येतं.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी त्या यादीत नाही. तीस प्रश्न. चुकलेल्या प्रश्नाचे दोन ते पाच गुण धरतात आणि दहापर्यंत चालतात, पण पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की दहाच गुण होऊनही नापास. मला आधी हे कडक वाटलं होतं. अभ्यासाला बसले तेव्हा कळलं की पाच गुणांचे प्रश्न तेच आहेत ज्यात माणूस मरतो: कोणी आधी जायचं, ओव्हरटेक कधी करायचा नाही, शाळेची बस थांबलेली असताना काय करायचं.

"रेख्ट्स फोर लिंक्स" हा तिथला पहिला धडा. गल्लीबोळांच्या चौकात जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. तुमचा रस्ता रुंद असो, तुमची गाडी मोठी असो, उजवीकडून साधी सायकल आली तरी थांबायचं. मी अमळनेर-चोपडा रस्त्यावर गाडी शिकले. कापसाच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या, मधूनच एखादी म्हैस. तापीच्या पुलावर समोरून ट्रक आला की ज्याची गाडी मोठी त्याला आपण वाट देतो. इतक्या वर्षांची ती सवय. ती सुटायला लेखी परीक्षा पुरत नाही, त्यासाठी तिथल्या शिक्षकासोबत रस्त्यावर उतरावंच लागतं.

माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, अमळनेर डेपोतून रिटायर झाले. मला गाडी त्यांनीच शिकवली. रोज सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी प्रत्येक टायरवर दांडकं मारून आवाज ऐकायचे, मग गाडीभोवती एक चक्कर, मग आरसे. घरची गाडी घेतानाही आम्हाला ती चक्कर मारायला लावायचे. प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी परीक्षकाने गाडीत बसायच्या आधी मला हेच विचारलं. टायरची नक्षी किती खोल असायला हवी? (किमान १.६ मिलिमीटर.) ब्रेकचे दिवे चालू आहेत हे कसं बघशील? पुढचं झाकण उघडून तेल, पाणी दाखव. मनात म्हटलं, अण्णा, तुमचाच पेपर आला.

परीक्षा एकूण ५५ मिनिटांची. शेजारी फारशूलचा शिक्षक, त्याच्या पायाशी जादा ब्रेक-क्लच, मागच्या सीटवर परीक्षक. लेखी इंग्रजीत दिली असली तरी इथे सगळ्या सूचना जर्मनमध्येच. गावातला ताशी तीस किलोमीटरच्या मर्यादेचा रस्ता, हायवे, मागे घेऊन पार्किंग, आणि जागोजागी त्यांची एक खास मागणी: वळताना, लेन बदलताना, रस्त्याकडेहून निघताना नुसता आरसा बघून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. आरशात न दिसणाऱ्या जागेत सायकलवाला असतो. परीक्षक तुमची मान बघत असतो. माझ्या शिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डोळ्यांनी बघितलंस ते मला दिसत नाही, मान फिरलेली दिसू दे." हॉर्नवरचा हातही सोडवावा लागला. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवरच हॉर्न द्या म्हणून लिहिलेलं असतं. तिथे धोका असेल तरच वाजवायचा.

मारुती चालवून गेलेल्यांसाठी एक बारीक गोष्ट. आपल्या वॅगनआरचा इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या. युरोपातल्या गाडीत नेमकं उलट. स्टिअरिंगही डावीकडे, गिअर उजव्या हातात, रस्त्याची बाजूही उजवी. हे सगळं एकदम अंगवळणी पडत नाही. फारशूलचे तास घ्यायचे ते यासाठी, पैसे वाचवायला इथे काटकसर करू नये असं माझं मत आहे.

परीक्षा पास झाल्यावर जर्मन लायसन्स हातात देताना ते आपलं भारतीय लायसन्स जमा करून घेतात. एमएच-१९ चं ते कार्ड मी काउंटरवर सरकवलं तेव्हा मन थोडं जड झालं, खोटं कशाला बोलू. अमळनेरच्या कॅम्पात दिलेली टेस्ट, अण्णा लांब कडुनिंबाखाली उभे. पण भावना बाजूला ठेवून इथे एक काम करायचंच: जमा करण्याआधी त्या कार्डाची दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स आणि भाषांतराची प्रत जपून ठेवायची. ती विम्याला लागते.

आता विमा. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं. हजार सीसीच्या आतल्या कारला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६. गाडी चालवणारा दहा वर्षं बिनअपघाती असो नाहीतर दर महिन्याला कुठेतरी ठोकणारा असो, दर तोच. नो क्लेम बोनस मिळतो तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. जर्मनीत सक्तीचा थर्ड पार्टी विमा, त्याला हाफ्टप्फ्लिख्ट म्हणतात, तोच मुळी तुमच्या इतिहासावर ठरतो. त्यांच्याकडे एसएफ नावाचे वर्ग आहेत. अगदी नवखा माणूस शून्यात. बिनक्लेमचं एकेक वर्ष गेलं की एकेक वर्ग वर. वर्ग जितका वरचा तितका हप्ता कमी. क्लेम झाला की काही पायऱ्या खाली, किती ते आधीच्या वर्गावर आणि कंपनीच्या तक्त्यावर ठरतं. शून्य वर्गातला हप्ता बघून आपले लोक हबकतात, गाडी स्वस्त आणि विमा महाग असं होऊन बसतं.

लायसन्स काढून तीन वर्षं झाली असतील तर बऱ्याच कंपन्या शून्याऐवजी अर्ध्या वर्गात बसवतात. हप्त्यात त्याने बराच फरक पडतो. प्रश्न असा की तीन वर्षं कुठली धरायची, जर्मन लायसन्सच्या तारखेपासून की भारतीय? याचं उत्तर कंपनीगणिक वेगळं मिळतं. माझी जळगावला नोकरी असताना स्वतःच्या नावावर जुनी वॅगनआर होती, तिच्या विमा कंपनीकडून मी क्लेम न घेतल्याचं इंग्रजी पत्र आणलं होतं. एका जर्मन कंपनीने ते वाचलंही नाही. दुसरीने भारतातली वर्षं धरता येत नाहीत असं सरळ कळवलं. तिसरीने पत्र बाजूला ठेवलं, पण भारतीय लायसन्सची तारीख मान्य केली आणि अर्ध्या वर्गात घेतलं. त्या रंगीत झेरॉक्सचं मोल इथे झालं. म्हणून पहिल्या कंपनीच्या आकड्याला मान डोलावू नका. इंटरनेटवर तुलना करा, मग फोन उचलून माणसाशी बोला. जर्मन मोडकंतोडकं असलं तरी चालतं.

बाकीचं गणितही समजून घ्यायला हवं, कारण गाडी निवडण्याआधीच ते कामाला येतं. प्रत्येक मॉडेलला एक टाइप-क्लास असतो. हाफ्टप्फ्लिख्टसाठी १० ते २५. त्या मॉडेलच्या गाड्यांनी आजवर किती नुकसान केलं त्यावर तो ठरतो. मग तुमच्या जिल्ह्याचा वर्ग, १ ते १२. मग वर्षाला किती किलोमीटर, गाडी रात्री कुठे उभी राहते, आणखी कोण चालवणार, त्यांचं वय काय. दिसायला सारख्या दोन छोट्या गाड्यांच्या हप्त्यात मोठी तफावत निघू शकते. मी म्हणून तर म्हणते, गाडी नंतर. मनातल्या तीन-चार मॉडेलांचा हप्ता आधी काढून बघा.

सक्तीच्या विम्यावर टाइलकास्को घ्यायचा की फोलकास्को, हा पुढचा निर्णय. फोलकास्को म्हणजे आपल्या चुकीने आपल्याच गाडीचं झालेलं नुकसानही भरून मिळतं. जुन्या गाडीला तो परवडत नाही, असं तिथे सगळेच सांगतात आणि मलाही ते पटलं. टाइलकास्को मात्र घ्यावा. चोरी, आग, गारपीट, काच, रस्त्यात आडवं आलेलं हरीण किंवा रानडुक्कर, आणि मार्डर. हा मुंगसासारखा लांबोडका प्राणी रात्री बॉनेटमध्ये शिरून वायरी आणि रबरी नळ्या कुरतडतो. आमच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये काही जण गाडीखाली जाळी पसरून ठेवतात. टाइलकास्कोचा हप्ता एसएफ वर्गावर अवलंबून नसतो, म्हणून नवख्यालाही तो तसा झेपतो. मार्डरने केलेल्या नुकसानीचं पुढे काय काय धरतात, तेवढं पॉलिसीत वाचून घ्या.

एवढं झाल्यावर गाडी. मी जुनी छोटी पेट्रोल फोक्सवागन पोलो घेतली, डीलरकडून. खासगी माणसाकडे तीच थोडी स्वस्त मिळाली असती, पण खासगी विक्रीत पुढची जबाबदारी नको म्हणून करारात लिहून घेतात. डीलरला जुन्या गाडीचीही किमान वर्षभर कायद्याने जबाबदारी घ्यावी लागते. नव्या देशात, ओळखीचा मेकॅनिक नसताना, ते वर्ष मला मोलाचं वाटलं. गाडीच्या मागच्या नंबर प्लेटवर एक गोल रंगीत स्टिकर असतो, तो वाचायला शिका. मधला आकडा वर्षाचा, आणि गोलावर घड्याळासारखे बारा आकडे असतात, त्यातला जो सगळ्यात वर आहे तो महिना. दर दोन वर्षांनी होणारी तांत्रिक तपासणी कधी संपते ते लांबूनच कळतं. तपासणी ताजी असेल तर वर्षभराची एक काळजी मिटते. सर्व्हिसचं बुक मागा. आणि गाडीबरोबर टायरचे दोन संच आहेत का ते विचारा. हिवाळ्यात बर्फ, चिखल, निसरड असताना थंडीचे टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण असल्याशिवाय ते धरत नाहीत. चार टायर वेगळे घ्यायची वेळ आली की खिशाला चांगलाच चटका बसतो.

फोनवर आईला गाडी घेतल्याचं सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "तुले जमी ना वं बेटा?" अण्णांनी किंमत विचारली नाही. टायर विचारले.

पासिंगला त्सुलासुंग्सश्टेले नावाच्या कार्यालयात जावं लागतं. वेळ आधी ऑनलाइन घ्यायची. गाडीचे दोन कागद असतात, एक गाडीत ठेवायचा आणि दुसरा मालकीचा, जो घरात कुलपात. विमा कंपनी मेलवर सात अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक पाठवते. तो नसेल तर तुमच्या हातात रोख पैसे आणि किल्ली दोन्ही असली तरी गाडी नोंदवत नाहीत. अधिकारी बाईंनी तो टाइप केला, पडद्यावर विमा दिसला, तेव्हाच पुढची फाइल उघडली. रस्त्याचा कर दरवर्षी थेट बँकेतून कापला जातो, त्याची सहीही तिथेच. आपल्यासारखा घेतानाच एकरकमी भरायचा नसतो. थोडे जादा युरो भरून पसंतीचा नंबर मिळतो. शहराची अक्षरं त्यांची, पुढची माझी, आणि आकडा मी १९ मागितला. शेजारच्या दुकानात यंत्राने प्लेटा दाबून लगेच हातात दिल्या, त्या घेऊन परत आत गेले, बाईंनी सरकारी शिक्का चिकटवला.

गाडी हाती आल्यावरचा एक नियम मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगावासा वाटतो, आणि तो नर्स म्हणून. हायवेवर गाड्या तुंबायला लागल्या की सगळ्यात डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. मधे अॅम्ब्युलन्सची वाट आपोआप तयार होते. सायरन ऐकू यायची वाट बघायची नसते, गाड्या संथ झाल्या की लगेच. न केल्यास किमान २०० युरो दंड आणि महिनाभर लायसन्स बंद. इमर्जन्सीत काम करणाऱ्या माणसाला ती मिनिटं काय असतात ते माहीत असतं. पहिल्यांदा मी त्या रांगेत होते आणि शेकडो गाड्या कोणी न सांगता बाजूला होताना बघितल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे आपल्या धुळे-जळगाव हायवेवर का होऊ नये? यासाठी रस्ता रुंद करावा लागत नाही.

आता निघणाऱ्या मुलींसाठी इथली कामं. लायसन्सची मुदत तपासा आणि ते निघण्याआधी नूतनीकरण करून घ्या, कारण अर्जाच्या दिवशी ते चालू असावं लागतं. आरटीओच्या पोर्टलवरून लायसन्सचा उतारा काढून ठेवा. आंतरराष्ट्रीय परवान्याची फी हजार रुपये, मुदत एक वर्ष, फॉर्म ४-ए. गाडी तुमच्या नावावर असेल तर विमा कंपनीचं पत्र घ्या. वडिलांच्या नावावर असेल तर बोनस त्यांचा, त्या पत्राचा तुम्हाला उपयोग नाही. आणि ज्यांनी अजून लायसन्सच काढलेलं नाही, त्यांनी जर्मन भाषेचा क्लास चालू असतानाच ते काढून खरोखर गाडी चालवायला लागावं. नुसतं कार्ड घेऊन गेलात तर तिथे सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल.

१ जानेवारीला माझा वर्ग एकाने वर गेला आणि हप्ता उतरला. पुढच्या उन्हाळ्यात आई-अण्णा तिकडे येणार आहेत. पाहुण्यांना आंतरराष्ट्रीय परवान्यावर तेवढे दिवस गाडी चालवता येते, फक्त विम्यात त्यांचं नाव चालक म्हणून घालावं लागतं. कंपनीला मी मेल केला आहे. वयामुळे हप्ता थोडा वाढेल असं त्यांनी कळवलं, वाढू दे. अण्णांना रेख्ट्स फोर लिंक्स समजावून झालं आहे आणि ताटातल्या चार वाट्या मांडून त्यांनी मलाच उलट दोन प्रश्न विचारले. परवाना यायच्या वेळीच काढायचा, नाहीतर त्याचं वर्ष इथेच सरेल. लायसन्सचा उतारा मात्र आत्ताच काढून घेतो आहोत.